दुरुस्तीवाल्या मुलांचा पोशाख

महोदय,

बेळगाव-खानापूर भागात घरोघरी एसी, वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या मुलांना बऱ्याचदा पॉलिस्टरचा टी-शर्ट दिला जातो. दिसायला छान, पण शॉर्टसर्किटच्या ठिणगीने तो वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती शर्टच द्यायला हवा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ पॅनेल उघडण्याआधी काढावं. गळ्यातलं ओळखपत्र फिरत्या पंख्यात अडकू शकतं. ते क्लिपने खिशाला लावावं.

पावसाळ्यात लाल चिखलामुळे घरचे लोक बूट काढायला लावतात. हे फार धोक्याचं आहे! ओल्या फरशीवर रबरी तळाचे कोरडे बूट विजेच्या झटक्यापासून बरंच संरक्षण देतात. चिखल पुसून बुटांवर कापडी कव्हर चढवू द्यावं.

– एक तंत्रज्ञ, टिळकवाडी, बेळगाव