औषध मारण्याआधी पोळ्यात काय आहे ते पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या बुडाशी आग्या माश्यांचे पोळे दिसले की सोसायटीच्या कार्यालयात तक्रारी सुरू होतात आणि बहुतेक ठिकाणी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले जाते. आमच्या सोसायटीतही नुकतेच तसे झाले. औषध मारून पाडलेल्या पोळ्याचा एक तुकडा मी हातात घेऊन पाहिला. त्यात मध जेमतेम होता. बहुतेक घरे पिल्लांनी भरलेली होती. काहींत वेटोळे करून पडलेल्या अळ्या होत्या, तर मेणाचे झाकण फाटलेल्या घरांत डोळे नुकतेच गुलाबी झालेले आणि बाकी अंग पांढरेच असलेले कोष होते.

राणीमाशी एकेका घराच्या तळाशी एकेक अंडे घालते. तीन दिवसांनी त्यातून अळी निघते आणि दाईचे काम करणाऱ्या तरुण कामकरी माश्या आपल्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे पांढरे अन्न तिला भरवतात. सुमारे तीन दिवसांनी कामकरी अळ्यांच्या आहारात मध आणि पराग येतात, राणी होणाऱ्या अळीला मात्र शेवटपर्यंत तेच राजान्न मिळते; एकाच प्रकारच्या फलित अंड्यातून राणी घडणार की कामकरी, हे या आहारावर ठरते. नर अफलित अंड्यांतून जन्मतात. पुढे घरावर मेणाचे झाकण बसते, आत अळी कोष विणते आणि त्या अंधारातच तिचे डोळे, पाय, पंख घडतात. पाळीव युरोपीय मधमाशीत अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंत राणीला १६, कामकरीला २१ आणि नराला २४ दिवस लागतात. आग्या माशीच्या कामकरीला काहीसे कमी.

या सगळ्या काळात पिल्लांना सुमारे ३४-३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. आग्याचे पोळे उघड्यावर, एकाच पडद्याचे असते. लोकांना धडकी भरते ती त्यावर लटकलेल्या माश्यांच्या काळ्या थराची, आणि तोच थर आतल्या पिल्लांची भिंत व पांघरूण असतो. तो मारला की औषध न लागलेली पिल्लेही उपासमारीने आणि ऊब गेल्याने मरतात. शिवाय चारा आणायला गेलेल्या माश्या परतल्यावर सैरभैर घोंगावत राहतात, त्यामुळे रहिवाशांचा धोकाही लगेच टळत नाही.

आग्या माश्या स्थलांतर करणाऱ्या आहेत. काही महिन्यांनी परिसरातील फुलोरा सरत आला की त्या नवी पिल्ले वाढवणे कमी करतात आणि एक दिवस पोळे सोडून जातात. म्हणून उंचावरचे, कोणाच्या वाटेत नसलेले पोळे तसेच राहू द्यावे आणि जवळच्या खिडक्यांना जाळी लावावी. शाळा किंवा पाळणाघरालगतचे पोळे हलवणे भागच असेल, तर विष न वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसांकडूनच ते काम करून घ्यावे. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय आपल्या विलेपार्ल्यात आहे आणि त्याची मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात; मुंबईतील सोसायट्यांसाठी अशा माणसांची यादी आयोगाने उपलब्ध करून द्यावी.

औषध मारलेल्या पोळ्याचा मध आमच्याकडे काहींनी घरी नेला, तो कोणीही खाऊ नये. आणि सोसायट्यांनी पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक कंत्राटात झुरळे, ढेकूण, वाळवी यांच्या ओळीत लिहिलेले मधमाश्यांचे पोळे येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करून वगळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, मुलुंड, मुंबई