पाचव्या जागेवरचं शून्य : बँकेतल्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

जळगावच्या शाखेत परदेशी व्यवहारांच्या टेबलावर तुम्ही बसता. चोपडा, यावल, रावेरकडची जी मुलं बाहेरदेशी शिकायला किंवा नोकरीला गेली, त्यांच्या घरच्यांचे अर्ज आम्ही भरून देतो. तुम्ही समजावून दिलेलं आणखी चार घरांच्या उपयोगी पडावं, म्हणून हे आभार जाहीर मानतो आहोत.

परदेशी बँकेतून थेट येणाऱ्या पैशाला स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळखखूण, लागतो. तो ८ किंवा ११ अक्षरांचा, देशातल्या देशात पैसे पाठवताना लागणारा शाखेचा आयएफएससी कोडही ११ चा, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा देतात. तुम्ही पासबुकावर बोट ठेवून खूण सांगितली : पाचव्या जागी शून्य दिसलं की तो आयएफएससी, पाचवं-सहावं अक्षर ‘आय’ आणि ‘एन’ असेल तर भारतातल्या बँकेचा स्विफ्ट. तालुक्याच्या शाखेला बहुतेक वेळा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतोच. मग बँकेच्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेचा कोड द्यायचा, खाते क्रमांक मात्र आपलाच.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. पासबुकात ‘पाटील’ आधी, मुलगा लिहितो शेवटी, वडिलांचं नाव गाळतो, आणि रक्कम चौकशीत अडकते. पासबुकाचा फोटो पाठवायचा आणि अक्षर न अक्षर तसंच लिहायला सांगायचं, हा तुमचा आग्रह आम्हाला पटला.

इथून परदेशी विद्यापीठाला फी पाठवण्याच्या बाबतीत तर तुमचे उपकारच आहेत. बाहेरदेशी पैसे पाठवायच्या ए-२ फॉर्मवर हेतू कोड एस०३०५, म्हणजे परदेशी शिक्षणासाठीचा, एवढं पुष्कळांना माहीत असतं. पण खर्च कोणी सोसायचा या रकान्यात ‘एसएचए’वर, म्हणजे खर्च दोघांत वाटून, अशी खूण झाली, तर मधली बँक आपला आकार त्याच रकमेतून कापते. विद्यापीठाला पैसे कमी पोचतात आणि मुलाच्या नावावर बाकी दिसते. तुम्ही प्रत्येक फॉर्म उलटा फिरवून विचारता, “पूर्ण रक्कम पोचायला हवी ना?” आणि ‘ओयूआर’वर, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, अशी खूण करून घेता. संदेशाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक सगळ्यात आधी लिहायला लावता. तो नसला तर जमा झालेली फी कोणाची, हेच तिकडे कळत नाही. बाहेर पैसे पाठवायची वर्षाला माणशी २,५०,००० डॉलरची मर्यादा एप्रिल ते मार्च मोजायची, हेही तुम्हीच आधी सांगता.

रक्कम अडकलीच तर नुसत्या पावतीवर भागत नाही. पाठवणाऱ्या बँकेकडून त्या व्यवहाराचा ३६ अक्षरांचा यूईटीआर हा माग काढायचा क्रमांक मागायचा. त्यावरून पैसा कोणत्या बँकेत थांबलाय ते शोधता येतं. हा क्रमांक मागायचा असतो, हे घाबरलेल्या आईवडिलांना तुम्ही अगदी शांतपणे सांगता.

नोकरीला गेलेल्या मुलाचं इथलं जुनं बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खाते, करून घ्या, हे मात्र लोक अजून कानाआड करतात. त्यासाठी आम्ही घरोघर सांगतो आहोत.

तुमच्या टेबलापुढची रांग लांब असते, तरी फॉर्म नीट वाचल्याशिवाय तुम्ही शिक्का मारत नाही. ताई, मनापासून आभार.

आपले,
चोपडा-यावल भागातले अर्ज भरून देणारे