हजार तारांतली एक

सोलापूर
मंगळवार, रात्री

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल पहाटे तू हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलीस ती एक शब्द न बोलता. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा टेबलावरच राहिला. आई दिवसभर तो उचलून आत ठेवेना. ‘माझ्या जिवाचं मी बघेन, तू मध्ये पडू नकोस’ असं मी म्हणालो, ते बोलायला नको होतं. ऑपरेशनबद्दल या पत्रात अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

आज रक्ताची तिसरी बाटली चढवली. हिमोग्लोबिन सहावरून वर येतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सहावर. शेजारणी बीट-खजूर सांगतात, आक्कानं डाळिंबांची पेटी पाठवली. मी सगळं खातो, कुणाचं मन मोडत नाही. पण माझ्यात लोह कमी नाहीच. डॉक्टरांनी काचेवरच्या रक्ताचा फोटो दाखवला. तांबड्या पेशी गोल हव्यात, माझ्या पेशींना बाभळीसारखे काटे फुटलेत. यकृत थकलं की रक्तातल्या चरबीचा तोल जातो, पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल साचतं, आवरण ताठ होतं आणि प्लीहेतून, म्हणजे पोटातल्या रक्त गाळणाऱ्या अवयवातून, जाताना पेशी अडकून फुटते. हे मला लगेच कळलं. गाठाळ सूत मागाच्या फणीतून जात नाही, तिथंच तुटतं. चांगली पेशी १२० दिवस जगते, माझ्या काही दिवसांतच संपतात. बाटलीतून येणाऱ्या दुसऱ्याच्या पेशींनाही माझ्या अंगात तेच काटे फुटतात. सूत बदलून काय होणार, मागच बिघडलाय. प्लीहा काढायची म्हटलं तर या यकृताला ते ऑपरेशन झेपणार नाही. यकृत बदललं तर पेशी पुन्हा गोल होतात, हे तू रविवारी तीनदा सांगितलंस. मला पहिल्याच वेळी समजलं होतं.

बघ, आलोच त्या विषयावर.

मी एका आकड्यापाशी अडलोय. यकृताचा उजवा भाग देणाऱ्या हजार जणांत दोन ते पाच दगावतात, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ‘बाबा, म्हणजे ९९५ तर नक्की वाचतात’ म्हणालीस. ताई, मी तीस वर्षं माग चालवला. ताण्यातली एक तार तुटली तरी चादरीवर उभी रेघ पडते. बाकीच्या सगळ्या शाबूत होत्या म्हणून गिऱ्हाईक ती चादर घेत नाही.

तुला गड्ड्याची जत्रा आठवते का? तू पाच वर्षांची होतीस. होम मैदानावर पाळण्यापाशी माझा हात सुटला. अर्धा तास. माईकवरून नाव पुकारलं, आई तिथंच मातीत बसली. त्या गर्दीत कितीतरी पोरं आपापल्या बापाच्या खांद्यावर होती. हरवलं होतं ते एकच, आणि ते माझं होतं. तू सापडलीस तेव्हा रडतसुद्धा नव्हतीस. बत्ताशाच्या दुकानात बसून दुकानदाराला आपला पत्ता सांगत होतीस. अजून तशीच आहेस. मला न सांगता रक्तगट, सोनोग्राफी, सीटी स्कॅन सगळं करून मोकळी झालीस. आईचा गट जुळत नाही, धाकट्याच्या यकृतावर चरबी, राहिलीस तू. आपल्या आळीत कुणाची पोर असं करील, सांग. मला अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी हात गार पडतात.

दुसरं एक आहे, ते तोंडानं बोलवत नाही. हे यकृत मी माझ्या हातानं घालवलं. गिरणी बंद पडली तशी अनेकांची पडली, सगळे काही गुत्त्यावर गेले नाहीत. दोन वर्षं झाली, थेंब घेतला नाही, पण त्याआधीची वीस वर्षं होतीच ना. त्या वर्षांची भरपाई तुझ्या पोटातून का व्हावी? तू म्हणतेस यकृत दोन-तीन महिन्यांत भरून येतं. येत असेल. टाका तर राहतो. तुझा छोटा चार वर्षांचा आहे, तुझी नोकरी नवी, त्यात घराचा हप्ता. सकाळी उपाशी निघतेस, ते आधी बंद कर. कर्ज काढू नकोस. दागिने मोडायचे नाहीत, ते आईनं विड्या वळून केलेत. जावईबापूंना विचारल्याशिवाय...

जाऊ दे. पुन्हा सुरू झालो. रागावू नकोस.

पुण्याच्या केंद्राच्या यादीत नाव आहे, मेंदूमृत माणसाचं यकृत मिळालं तर सगळंच सुटेल. पण माझ्या गटाचं यकृत मिळेपर्यंत या पेशी थांबणार नाहीत, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं म्हणून मी तुझ्यावर ओरडलो.

शुक्रवारी आई आणि मी येतो. डॉक्टरांना तो आकडा पुन्हा विचारणार आहे, तू मला मध्येच थांबवू नकोस. कागदावर सही करीन की नाही ते आज लिहीत नाही. फक्त एवढं कळव, तू दवाखान्यात असशील तेव्हा छोट्याला कुणाकडे ठेवणार? तो आईजवळ झोपतो, पण त्याला ती निळी चादर लागते.

तुझा,
बाबा