खाटा कुठे अडल्या, मंत्रीमहोदया?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, ओंटारियो प्रांत

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र आलं: दवाखाना बंद होतोय, दुसरी सोय बघा. सासरे ऐंशीचे, मधुमेही. जिथे फोन करावा तिथे एकच उत्तर, नवे पेशंट घेत नाही. आता कडाक्याच्या थंडीत त्यांना वॉक-इन क्लिनिकच्या रांगेत उभं करायचं आणि दर वेळी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून रामायण ऐकवायचं. माझी बीपीची गोळी संपलीय, ते तर मी घरातही बोलत नाही.

आमचं ब्रॅम्प्टन शहर वाढतंय हे आपल्याला कुणी कळवलं नसेल. 1991 मध्ये इथे 2,34,445 माणसं होती, 2021च्या जनगणनेत 6,56,480. शिकायला आलेली, तळघरांत दाटीवाटीने राहणारी परदेशी पोरं त्यात किती आली, देव जाणे. मी सरळ आठ लाख धरते. एवढ्या माणसांना पूर्ण रुग्णालय एकच, 2007चं. जुनं पील मेमोरियल रुग्णालय पाडलंत. 2017 मध्ये तिथे चकचकीत इमारत उभी राहिली, पण पेशंटने रात्री मुक्काम करावा तर खाट नाही. जानेवारी 2020 मध्ये नगर परिषदेने आरोग्य आणीबाणी जाहीर केली. 2021च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने तिथे खाटांची नवी विंग कबूल केली. 2022च्या निवडणुकीत शहरातल्या पाचही जागा आपल्या पक्षाने नेल्या. आमची मतं वेळेवर पोचली. खाटा कुठे अडल्या?

शहरातले 52 टक्के लोक दक्षिण आशियाई. म्हणून दिवाळीत सगळ्याच पक्षांचे पुढारी कुर्ते घालून लाडू खायला येतात. खा बापडे! (मराठी घरं या गर्दीत मूठभर, आमच्याकडे तेही फिरकत नाहीत.) पण हाच आकडा दाखवून आम्हाला बसमध्ये ऐकवतात, गर्दी तुम्हीच केलीत. आम्ही? व्हिसा ओटावाच्या केंद्र सरकारने दिले. 2019 मध्ये स्थानिक मुलांची फी 10 टक्क्यांनी उतरवून कॉलेजांना परदेशी पोरांच्या फीवर सोडलं ते क्वीन्स पार्कने, म्हणजे आपल्याच प्रांत सरकारने. फी मोजून घेतली, ती पोरं आजारी पडतील हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. माझी शेजारीण नागपूरची एमबीबीएस. परवान्याच्या परीक्षा देत देत गोदामात खोकी भरते. डॉक्टर नाहीत म्हणे!

आता ओटावाकडे बोट दाखवू नका. ओटावावाले तुमच्याकडे दाखवतात, तुम्ही दोघं मिळून नगर परिषदेकडे, आणि कर तिघांनाही आम्हीच भरतो. नव्या विंगमध्ये पहिला पेशंट कधी झोपणार, ती तारीख लेखी कळवा. आणि तोवर सासऱ्यांना कुठे न्यायचं तेही.

आपली,
ब्रॅम्प्टनची एक करदाती