बाबा, तालमीला होकार कळवा
लेव्हरकूजेन, 9 जून 2024

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

आपल्या कोल्हापूरच्या तालमीने तेरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल संघ बाबांकडे सोपवायचे ठरवले आणि बाबांनी ‘या वयात लहान पोरांना काय शिकवायचे’ म्हणून नकार दिला, हे आईकडून कळले. फोनवर असल्या गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, तुम्ही तो नकार मागे घ्यावा असे मला मनापासून वाटते, आणि हे सांगायचे बळ मला ज्या माणसामुळे आले, त्याने या वर्षी आमच्या या गावाला वेड लावले आहे.

स्पेनचा फुटबॉलपटू झाबी अलोन्सो तुम्हाला ठाऊक आहे. 2010 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी योंगची लाथ ज्याच्या छातीवर बसली, तोच. 2005 मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानविरुद्ध लिव्हरपूल 0-3 असे मागे असताना बरोबरीचा तिसरा गोल त्याचाच होता; त्याची पेनल्टी मिलानचा गोलरक्षक दिदाने अडवली, पण परतलेला चेंडू त्याने जाळ्यात धाडला. तोही तुमच्यासारखा मधल्या फळीतला, आणि त्याचे वडील पेरिकोही त्याच जागी खेळणारे. रेआल सोसिएदादने 1981 आणि 1982 मध्ये स्पेनची लीग जिंकली, तेव्हा ते त्या संघात होते.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा सर्वांत मोलाचा भाग जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून खेळून 2017 मध्ये त्याने निवृत्ती घेतल्यानंतर सुरू होतो. एक विश्वचषक, दोन युरो चषक आणि दोन चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या खेळाडूला मोठ्या संघाचे दार ठोठावता आले असते. त्याने 2018 मध्ये रेआल माद्रिदच्या चौदा वर्षांखालील मुलांचा संघ घेतला. त्यानंतर तो सान सेबास्तियनला, आपल्या घरच्या क्लबात परतला आणि तीन हंगाम सोसिएदादच्या ब संघातल्या तरुण मुलांसोबत राहिला. तो संघ 2021 मध्ये जवळपास साठ वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत चढला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा खाली आला. त्या संघात त्याच्या हाताखाली खेळलेला मार्टिन झुबिमेंडी आता स्पेनच्या युरोच्या चमूत आहे.

ऑक्टोबर 2022 मध्ये तो इथल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा अठरा संघांत लेव्हरकूजेन सतरावे होते. या 14 एप्रिलला ब्रेमेनला 5-0 असे हरवून, 1904 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने पहिल्यांदा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकली. चौतीस सामन्यांत 28 विजय, 6 बरोबरी आणि एकही पराभव नाही. पुढे जर्मन चषकही आला. संपूर्ण हंगामात हा संघ हरला तो एकदाच, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात, इटलीच्या अटालांटाकडून.

पण मला आकड्यांपेक्षा त्याचे एक जुने म्हणणे जास्त महत्त्वाचे वाटते. लिव्हरपूलमध्ये असताना त्याच्या लक्षात आले होते की तिथल्या कुमार खेळाडूंना त्यांचे गुण विचारले, की ती मुले टॅकलचे, म्हणजे झडप घालून समोरच्याच्या पायातला चेंडू काढण्याचे, नाव घेत. अलोन्सोच्या मते टॅकल हा गुण नव्हेच. बाकी सगळे चुकल्यावर करावा लागणारा तो शेवटचा उपाय आहे. आपल्या शाहू स्टेडियमवर जोरदार टॅकलला जी दाद मिळते, ती नेमक्या वेळी दिलेल्या साध्या पासला क्वचितच मिळते, आणि पेठेपेठेतली मुले तेच बघून शिकतात. तुमचा खेळ तसा नव्हता. चेंडू पायाशी येण्यापूर्वी तुम्ही मान वळवून दोन्हीकडे पाहून घेत असा आणि अंग आधीच अर्धे वळवून उभे राहत असा. त्यामुळे चेंडू आल्यावर विचार करण्यात तुमचा वेळ जात नसे. ही सवय बारा-तेराव्या वर्षी लागली तर अंगात मुरते, आणि ती लावू शकेल असा माणूस तालमीत तुमच्याखेरीज मला दिसत नाही.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, याचा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! पण त्याला घडण्यासाठी लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. प्रत्येक आईबापाला मुलाला असे दूर पाठवणे जमत नाही. जी मुले गावातच राहणार, त्यांना चांगले शिक्षण गावातच मिळायला हवे.

आईला तुमच्या गुडघ्याची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. परंतु या कामात तुम्हाला धावायचे नाही. इथे जर्मनीत येत्या हंगामापासून अगदी लहान मुलांचे सामने तीन-तीन किंवा पाच-पाच जणांचे, छोट्या मैदानावर खेळवण्याचा नियम सर्वत्र लागू होतो आहे, कारण कमी मुले असली की प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागतो. तुमच्या मुलांचे वय थोडे अधिक असले, तरी सरावापुरती हीच रीत उपयोगी पडेल. तुम्ही कडेला खुर्ची टाकून बसा, खेळ थांबवा आणि ‘चेंडू येण्याआधी कुठे पाहिलेस?’ एवढेच विचारा. आई, आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांना सोडशील ना?

पाऊस उघडेपर्यंत मैदानात चिखल असेल, म्हणजे तयारीला पुरेसा अवधी आहे. लोखंडी पाइपाचे चार छोटे गोल उद्यमनगरात सहज करून मिळतील. माप मी सोबतच्या कागदावर काढून दिले आहे आणि त्याचा खर्च मी पाठवते. तालमीला काय कळवलेत, ते मला लिहा.

तुमची लेक