११८, बाण आडवा

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो, नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

तुझ्या मेसेजना उत्तर नाही दिलं, शिव्या जमा करून ठेव. तब्येत ठीक. तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचबीए१सी, ७.१, डोळे तपासले, पाय शाबूत. झालं.

मी शिकारीला गेलो होतो. एल्कच्या. हसून घे. सांबराच्याच कुळातलं जनावर, मादीसुद्धा सव्वादोनशे किलोची. अण्णा असते तर गळ्यात माळ घालून घरात कोंडलं असतं. पण शेजारचे म्हातारबुवा मागेच लागले. हंटर एज्युकेशनचा कोर्स करायला लावला, एप्रिलच्या सोडतीत अर्ज भरायला लावला, आणि लागला की टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना! मादीचा.

फ्लॅट टॉप्सचं पठार, दहा हजार फूट. अंगावर ५०० चौरस इंच भगवं हवंच, कायदाच आहे. गुलाबीही चालतं, तुला शोभलं असतं. इन्सुलिन एकदा गोठलं की फेकायचंच, म्हणून पेन स्लीपिंग बॅगेत पोटाशी. शुगरचा मीटर थंडीत एरर देतो, म्हणून तो काखेत. रात्रभर मी अंडी उबवणारी कोंबडी.

तर पहाटे अ‍ॅस्पेनच्या कडेने कळप आला. एक मादी आडवी उभी राहिली, तोंडातून वाफ. सॅकवर बंदूक टेकवली, सेफ्टी काढली, आणि हात थरथरायला लागले. घाम. छातीत धडधड. शुगर उतरल्याची ही लक्षणं तुझ्याही पाठ आहेत. अंगावरचा सेन्सर शुगर घड्याळात दाखवतो, तिथे पाहिलं: ११८, बाण आडवा. म्हणजे शुगर ठीक. पण सेन्सर कातडीखालचं पाणी मोजतो, रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागेच. काखेतला मीटर काढायचा तर हलावं लागणार. सेफ्टी परत लावली. कळप गेला.

म्हातारबुवांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मुकाट जेलीच्या गोळ्या पुढे केल्या. मी खाल्ल्या. थोड्या वेळाने शुगर २६०!

जनावर समोर येताच असं थरथरणं, इथे याला बक फीव्हर म्हणतात. पहिल्यांदा भल्याभल्यांना होतो, आणि सांगताना लाजत नाहीत. मग मला झालं ते काय? राजगडावर बालेकिल्ल्याखाली तू म्हणाला होतास, "तुला शुगर सोयीने लागते." किती दिवस बोललो नव्हतो आपण! त्या दिवशी ५२ होती, हे परत एकदा लेखी देतो. पण या वेळी आकडा तुझ्या बाजूने आहे रे. आणि मादीकडे बघताना मला ते करायचंच नव्हतं की काय, तेही कळत नाही. नको असलेल्या किती गोष्टी आजवर शुगरने परस्पर टाळल्या असतील?

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवांना मिळाली. मागची तंगडी मी पाठीवर घेऊन उतरलो, मांस अजून कोमट, पाठीला ऊब लागत होती. वाटेत ६४ झाली, खाल्लं, चालत राहिलो. तेव्हा हात अजिबात थरथरले नाहीत, साले.

आता ते म्हणतात, पुढच्या वर्षी ये, पण बंदूक नको, स्वयंपाक कर. रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्यांना ११८ सांगू का? सांगितलं तर बंदूक परत हातात येणार.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयची अ‍ॅडमिशन झाली का? बिल्डरचं काय झालं? सगळं लिही. फोन नको, फोनवर तू नुसता हसतोस.

तुझा,
अव्या

ता. क. मांसाला कोल्हापुरी मसाला लावला. चरबी नावालाही नाही, तेल जास्त घालावं लागतं. आईला सांगताना फिरायला गेला होता एवढंच सांग.