डेटा सायन्समधील पीएच.डी.नंतरची दुर्लक्षित वाट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डेटा सायन्समध्ये पीएच.डी. केल्यावर एक तर प्राध्यापक व्हायचे, नाही तर मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत जायचे, हा समज विद्यार्थ्यांइतकाच मार्गदर्शकांच्या मनातही घट्ट बसला आहे. प्राध्यापकीच्या जागा थोड्या असून तिथे पोहोचण्याआधी अनेकांना पोस्टडॉक म्हणून ठरावीक मुदतीच्या नेमणुका स्वीकाराव्या लागतात. कंपन्यांतील डेटा सायंटिस्टच्या बऱ्याचशा पदांना पदव्युत्तर पदवी पुरते. डॉक्टरेटचा खरा कस लागतो तो संशोधन शास्त्रज्ञाच्या पदासाठी, आणि तिथे प्रबंधाइतकेच महत्त्व नामांकित परिषदांमधील शोधनिबंधांना आणि इतरांना वापरता येईल अशा कोडला असते. हे प्रवेश घेतानाच विद्यार्थ्याला कळायला हवे.

मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे ते दुसऱ्या एखाद्या शास्त्राच्या प्रश्नांत उतरून काम करण्याविषयी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या प्रणालीसाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाला; त्यांपैकी जम्पर यांची डॉक्टरेट रसायनशास्त्रातील आणि हसाबिस यांची मज्जाविज्ञानातील आहे. युरोपातील मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये मशीन लर्निंगवर, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाने स्वतः शिकण्याच्या पद्धतीवर, आधारलेली प्रणाली नियमित वापरात आणली, आणि अशा प्रणालीचा अंदाज कुठे फसतो हे ओळखायला वातावरणाची जाण लागतेच. औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्ण मध्येच बाहेर पडतात, अधिकृत सर्वेक्षणांत काही घरे उत्तरेच देत नाहीत. ही गळती योगायोगाने झाली की तिच्यामागे कारण आहे, हे न तपासता काढलेला निष्कर्ष धोरणाला किंवा उपचाराला चुकीच्या दिशेने नेऊ शकतो. हाती आलेल्या आकड्यांत कोण वगळले गेले आणि दिसणारा संबंध खरोखर कार्यकारणाचा आहे का, असे चिवटपणे विचारत राहण्याची सवय हीच मला डॉक्टरेटची सर्वांत मोलाची कमाई वाटते. मॉडेल चालवण्याची साधने दर दोन-चार वर्षांनी बदलतातच.

कर्जमंजुरी किंवा नोकरभरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींची निष्पक्षता तपासण्याचे कामही वाढते आहे. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला असून अशा प्रणालींना तो अतिजोखमीच्या मानतो.

यासाठी विद्यापीठांनी पीएच.डी.च्या काळातच विद्यार्थ्याला काही महिने रुग्णालयात, हवामान केंद्रात किंवा सांख्यिकी संस्थेत काम करू द्यावे, त्या क्षेत्रातील सहमार्गदर्शक नेमावा आणि आपले पूर्वीचे संशोधक आज कोणत्या स्वरूपाच्या कामांत आहेत, याची माहिती नव्या उमेदवारांना नियमितपणे उपलब्ध करून द्यावी.

आपला,
एक संशोधन मार्गदर्शक